दम्याची ‘नैसर्गिक’ पूड आणि तिच्यात दडवलेले स्टेरॉइड

माझ्या आईचा दमा जुना आहे. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर ती नियमित घेत असे आणि त्रास आटोक्यातही होता. मात्र हे आयुष्यभर घेत राहायचे का, हा प्रश्न तिला सतत छळत असे. नेमकी हीच दुखरी नस ओळखून, घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेले जडीबुटीचे औषध देतो असे सांगणाऱ्या एका माणसाने तिला गाठले. इनहेलरमध्ये स्टेरॉइड असते, त्याची सवय लागते, आपले औषध मात्र निव्वळ वनस्पतींचे असून दमा मुळापासून घालवते, असे तो छातीठोकपणे सांगत असे. पुड्या साध्या कागदात बांधलेल्या असत. त्यांवर ना घटकांची नावे, ना उत्पादकाचे, ना परवाना क्रमांक. विचारले, की ‘गुरूची विद्या आहे, सांगितली तर गुण जातो’ हे उत्तर ठरलेले.

गुण आला, आणि तोही फार लवकर आला. छातीतली घरघर थांबली, रात्रीचा खोकला गेला, भूक वाढली. चेहरा भरू लागला तेव्हा भेटायला येणाऱ्यांना तब्येत सुधारल्यासारखीच वाटली. पुढे मात्र चेहरा गोल गरगरीत झाला, हातपाय बारीक राहून पोट सुटले, जरासा धक्का लागला तरी हातावर काळेनिळे डाग उमटू लागले, आणि कधी नव्हती ती रक्तातली साखर वाढली. ही सगळी लक्षणे एकत्र पाहताच डॉक्टरांनी पूड मागवून घेतली. प्रयोगशाळेच्या तपासणीत तिच्यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सापडले.

मला सर्वांत जास्त चीड याची येते, की इनहेलरमधल्या स्टेरॉइडची भीती घालणारा माणूस स्वतः स्टेरॉइडच खाऊ घालत होता. इनहेलरमधली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनलिकांत पोहोचते. पोटात घेतलेल्या प्रेडनिसोलोनची मात्रा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात, मोजतात आणि ते सर्व शरीरभर पसरते. दम्याचा जोराचा झटका आल्यावर डॉक्टरही ते देतात, पण मोजून आणि बहुधा थोडेच दिवस.

आले, तुळस, मध यांनी घशाला आराम पडतो, हे मी नाकारत नाही. श्वासनलिकांची सूज मात्र त्यांच्यावर विसंबून आटोक्यात ठेवता येत नाही. म्हणूनच ‘घरगुती’ म्हणवणारे एखादे औषध जुना दमा झटपट शांत करू लागले, तर त्या आरामाचाच संशय घ्यावा.

कोणाच्या घरी अशी पूड बराच काळ चालू असेल, तर घाबरून ती एकदम बंद करू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले, की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणे कमी करतात. अशा वेळी पुरवठा अचानक तुटला, तर उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, प्रसंगी जीवावर बेततेही. आईला डॉक्टरांनी मोजक्या मात्रेच्या गोळ्या देऊन हळूहळू त्या कमी केल्या आणि इनहेलर पुन्हा सुरू केला. उरलेली पूड फेकून न देता मूळ कागदासह डॉक्टरांकडे न्यावी, म्हणजे तपासणीही होते आणि औषध नियंत्रण विभागाकडे तक्रार करताना पुरावाही हाती राहतो.