इंजिन हलतंय म्हणून 47,000 घेतले, फाटलं होतं एक रबर

आधी आकडा सांगते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. 47,000 रुपये. त्यातले 20,000 अॅडव्हान्स क्यूआर कोडवर, 15,000 कॅश, आणि 12,000 गॅरेजवाल्याच्या "मेहुण्याच्या" नंबरवर, कारण म्हणे गॅरेजच्या खात्याची त्या दिवसाची लिमिट संपली होती. हो, मेहुणा ऐकूनच कान टवकारायला हवे होते हे मला पण कळतं, आमच्या घरात आता सगळ्यांनाच कळतं, सासूबाईंना तर जास्तच.

गाडी 2016 ची, बाराशे सीसी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. चालवते मीच, रोज सिंहगड रोडवरून हडपसर, म्हणजे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. गेल्या पावसाळ्यापासून पहिल्यात टाकून क्लच सोडला की गाडी आधी एक गचका द्यायची, पुढे खालून धप्प आवाज. पहिल्यावरून दुसरा टाकताना गिअर अडकल्यासारखा. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग थरथरायचं, एसी लावला की जास्त. बॉनेट उघडून बघितलं तर रेस देताना इंजिन सरळ सरळ मागे झुकताना दिसत होतं. म्हणजे लक्षण मी स्वतः पकडलेलं होतं बरं का, "काहीतरी आवाज येतोय" असं गुळमुळीत सांगून मी गाडी दिलेली नाही. मी गेल्या गेल्या म्हणलं होतं, इंजिन हलतंय, माउंटिंग बघा (म्हणजे इंजिनला गाडीच्या बॉडीशी धरून ठेवणारे रबराचे आधार).

तर हायवेच्या सर्व्हिस रोडवरचं ते गॅरेज (नाव इथे टाकत नाहीये, तक्रार चालू आहे). काचेची केबिन, एसी, भिंतीवर मोठमोठे बोर्ड, चहा विचारतात. मालकाने गाडी पाच मिनिटं फिरवली आणि म्हणाला, "मॅडम, माउंटिंग तर आहेच, पण मूळ रोग आत आहे. क्लच संपलाय, गिअरबॉक्सच्या सिंक्रो रिंगा गेल्यात. नुसतं माउंटिंग टाकलं तर महिन्याभरात परत याल." (सिंक्रो रिंगा म्हणजे गिअर बदलताना तो अलगद बसवणाऱ्या आतल्या रिंगा.) एस्टिमेट सांगितलं 22,000. तोंडी. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, गाडी एकदा खोलली की आकडा कुठे जातो ते.

बिल, म्हणजे वहीच्या कागदावर शिक्का मारलेली चिठ्ठी, अशी: क्लच प्लेट-प्रेशर प्लेट 9,800, रिलीज बेअरिंग 1,450, गिअरबॉक्स काम 14,500, फ्लायव्हील फेसिंग 1,800, इंजिन डिकार्ब 2,499, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग 800, कसलंतरी अॅडिटिव्ह 1,250, माउंटिंग सेट तीन नग 8,700, लेबर 6,500. बेरीज 47,299. वरचे 299 त्याने "तुमच्यासाठी" सोडले. 299! आणि मी थँक यू म्हणाले.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळेच. गाडी घ्यायला गेले, सीटवर बसले, चावी फिरवली, समोर घड्याळ बरोबर सात चाळीस दाखवत होतं. माझ्या मोबाइलमध्ये पण सात चाळीस. एफएमची सेव्ह केलेली स्टेशनं जागच्या जागी. आता माझ्या गाडीत बॅटरीचा ट्रे बरोबर गिअरबॉक्सच्या डोक्यावर आहे, बॅटरी काढल्याशिवाय गिअरबॉक्स उतरतच नाही, आणि बॅटरी काढली की या गाडीचं घड्याळ एकवर येतं आणि रेडिओ सगळं विसरतो. हे मला माहीत होतं! आदल्या वर्षी बॅटरी बदलली तेव्हा मीच मॅन्युअल बघून घड्याळ लावलं होतं. पण त्यावेळी डोक्यात काय आलं, तर "वा, पोरांनी घड्याळ पण लावून दिलं, किती नीट काम". अशी मी कौतुकाने हसले. मालक पण हसला.

त्याआधी अजून एक. काम चालू असताना त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, टेबलावर उघडलेला गिअरबॉक्स, बाजूला रिंगा मांडलेल्या. फोटोच्या वर बारीक अक्षरात "फॉरवर्डेड". दिसलं मला. मी मनात म्हणलं मेकॅनिकने मालकाला पाठवला असेल, मालकाने मला. तुम्ही पण हेच म्हणला असता, उगाच कमेंटमध्ये शहाणपणा नको. त्यात गाडी घेतल्यावर आठ-दहा दिवस खरंच बरी चालत होती. का, तर थ्रॉटल बॉडी त्यांनी खरोखर साफ केलेली आणि क्लचची केबल ताणून दिलेली, त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन जरा शांत झालं आणि पायाला फरक जाणवला. एवढ्यावर मी शेजारच्या काकूंना हेच गॅरेज सुचवलं. त्यांचे गेले 18,500. जिन्यात समोर आल्या की मी मोबाइलमध्ये बघते.

मग दिवाळीला माहेरी कराडला निघालो, खंबाटकी चढताना ट्रकमागे दुसऱ्यात अडकलो तर परत तोच गचका, तोच धप्प. कराडला मामांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, पत्र्याची शेड, ना बोर्ड ना केबिन. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी बॉनेट उघडलं, स्वतः बाजूला उभे राहिले (समोर नाही, हे लक्षात ठेवा), मला म्हणाले ताई हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, पहिल्यात टाका आणि क्लच अर्ध्यावर आणा, बास, गाडी सोडायची नाही. इंजिन एका बाजूला झुकलं. मग रिव्हर्समध्ये तसंच, दुसऱ्या बाजूला झुकलं, आणि खालून टक्क. "खालचं माउंटिंग गेलं." दोन मिनिटं लागली असतील.

अशा आडव्या इंजिनच्या गाड्यांना साधारण तीन माउंटिंग असतात, एक इंजिनच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला, दोघं मिळून वजन पेलतात, आणि तिसरं खाली, हाडकाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना रबर. त्याचं काम वजन घेणं नाही, रेस दिल्यावर इंजिन मागे-पुढे लोळायला बघतं त्याला धरून ठेवणं. ते रबर फाटलं की क्लच सोडताना इंजिन आधी लोळतं आणि मग गाडी हलते, तो गचका. गिअरची दांडी बॉडीला बसवलेली आणि गिअरबॉक्स इंजिनसोबत हलणारा, मधली केबल खेचली जाते, म्हणून गिअर अडकतो. क्लच खराब असला तरी गचके येतात, नाही असं नाही, पण क्लच खरंच संपलेला असेल तर चढाला तिसऱ्या-चौथ्यात रेस वाढते आणि स्पीड वाढत नाही, जळका वास येतो. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर.

मिस्त्रीकाकांनी गाडी वर घेऊन मला खाली बोलावलं. खालच्या माउंटिंगचं रबर मधून आरपार फाटलेलं, बोल्टवर जुना गंज आणि वाळलेला चिखल, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. वरची दोन्ही माउंटिंग पण जुनीच, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ तेलात मिसळून बसलेली. 8,700 रुपयांचे तीन नग नवे म्हणे! गिअरबॉक्स आणि इंजिन जोडणारे बोल्ट, तेही तसेच मातकट. तरी मी म्हणलं, काका, कदाचित उघडून परत तेच बोल्ट लावले असतील, कारण मला अजून वाटत होतं की एवढा कोणी लुटणार नाही. ते काही बोलले नाहीत, गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट सोडला आणि खाली डबा धरला. जे तेल आलं ते काळंकुट्ट, घाण वासाचं. गिअरबॉक्स खोलायचा तर तेल काढावंच लागतं. नवीन तेल दोन महिन्यांत असं होत नाही.

खालचं माउंटिंग 1,180, गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं 1,050, लेबर 500. 2,730 मध्ये गचका गेला, धप्प गेलं, दुसरा गिअर लोण्यासारखा. तेलाचा पण वाटा आहे त्यात, गिअर ऑइल कुणी बदलतच नाही, इंजिन ऑइल बदललं की झालं असं आपल्याला वाटतं.

पुण्यात आल्यावर गॅरेजला गेले. "मॅडम, तुम्ही बाहेर गाडी उघडली, आता आमची जबाबदारी नाही. आमचे नवे पार्ट त्याने काढून घेतले असतील." चोराच्या उलट्या बोंबा. जुने पार्ट कुठेत माझे? "भंगारात गेले." पक्कं बिल द्या. "तुम्हीच जीएसटी नको म्हणालात." म्हणाले होते, कारण त्यानेच सांगितलं कॅश दिली तर तेवढे वाचतील, आणि 47,000 वरचा टॅक्स कोणाला वाचवावासा वाटणार नाही?

मग पोलीस चौकी. तिथे मी म्हणलं 420 ची केस करायची आहे, तर समोरच्या साहेबांनी पहिली दहा मिनिटं मला हे समजावण्यात घालवली की 420 आता राहिलं नाही, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, आता ते 318 आहे. बरं, मग 318 करा. "हे सिव्हिल मॅटर आहे, काम नीट झालं नाही म्हणून काय आम्ही गुन्हा दाखल करायचा का?" अहो काम नीट झालं नाही नव्हे, काम झालंच नाही! पैसे घेतले आणि केलंच नाही! "अर्ज देऊन जा." अर्ज दिला, पोच मागितली, तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. तो तीन वाजता आला आणि म्हणाला मोठ्या साहेबांची सही असल्याशिवाय शिक्का नाही. मोठे साहेब बंदोबस्ताला. मला गणपती, मोर्चा, व्हीआयपी सगळं मान्य आहे पण एक शिक्का मारायला किती साहेब लागतात? दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात गेले, की हा माणूस कच्च्या चिठ्ठीवर धंदा करतो, तर विचारतात, "पक्कं बिल आहे का?" ते नाही हीच तर तक्रार आहे! बँकेत मेहुण्याच्या खात्याबद्दल विचारलं तर पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, हा फ्रॉड होत नाही. म्हणजे चोराने हिसकावले तरच चोरी, मी हातात दिले की व्यवहार.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट, कच्ची चिठ्ठी सगळं पुरावा म्हणून लावता येतं, त्यामुळे चिडून चॅट डिलीट करू नका, मी करणारच होते. मिस्त्रीकाकांनी साध्या कागदावर सही करून काय दिसलं ते लिहून दिलंय, फाटलेलं माउंटिंग पिशवीत घालून ठेवलंय, ते काळं तेल मात्र फेकलं गेलं, बाटलीत ठेवायला हवं होतं.

गाडी देताना माउंटिंगच्या आणि गिअरबॉक्सच्या बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि फोटो काढून ठेवा, पाना लागला की ठिपका तुटतो. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत, नव्याचा बॉक्स पण मागा, त्यावर किंमत आणि पार्ट नंबर असतो. फोटो नको, व्हिडिओ मागा, गाडीची नंबरप्लेट आणि खोललेला पार्ट एकाच व्हिडिओत. मेहुणा, पुतण्या, पार्टनर, कोणाच्याही नंबरवर एक रुपया नाही. आणि मॅडम तुम्हाला टेक्निकल नाही कळणार असं कोणी म्हणलं की तिथून चावी घेऊन निघा.

आता मुद्द्याचं. शेजारच्या काकूंनी परवा त्यांचा मोबाइल दाखवला. त्यांच्या "गिअरबॉक्सचा" जो फोटो त्यांना आला तो आणि माझा फोटो एकच आहे. मागे निळा प्लास्टिकचा ड्रम, त्यावर पिवळं फडकं, टेबलाच्या कोपऱ्यात अर्धा प्यालेला चहाचा कागदी कप. त्यांची गाडी वेगळ्या कंपनीची, डिझेल! कोणाकडे हा फोटो आला असेल तर मला मेसेज करा, पैसे किती गेले आणि तारीख काय ते सांगा. आम्ही दोघी आहोत, अजून तीन-चार जण मिळाले तर सगळे मिळून परत चौकीत जाऊ, बघू मग सिव्हिल मॅटर कसं म्हणतात ते.