काळी टोपी

परवा सकाळच्या नेटवर, म्हणजे आम्हा हॅम लोकांच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) हवेतल्या ठरलेल्या बैठकीत, साताऱ्याचे एक ओएम (आम्ही एकमेकांना असंच म्हणतो) सांगत होते, की आपला जुना केनवुड टीएस-५२० रेडिओ सेट ते 'त्या' माणसाकडे दुरुस्तीला पाठवणार आहेत. कोण ते मी लगेच ओळखलं. नाव घेत नाही, पण मला त्यानं कशी टोपी घातली ते लिहून ठेवतो.

माझा सेट यासू एफटी-१०१ई. १९७० च्या दशकातला. ड्रायव्हर आणि फायनलला, म्हणजे सिग्नल पाठवण्याच्या शेवटच्या टप्प्यांना व्हॉल्व्ह, बाकी सगळे ट्रान्झिस्टर. सांगलीत माडीवरच्या खोलीत आमचा शॅक, म्हणजे रेडिओची खोली. थंडीत सकाळी सेट लावला की पहिल्या तासात फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झभर सरकायची. "ओएम, बदकासारखा आवाज येतोय," हे ऐकून कान किटले होते.

त्या गृहस्थांनी फोनवरच निदान केलं. "काका, व्हीएफओमधले कपॅसिटर गेलेत. एनपीओ टाकायला लागतील, बाहेरून मागवतो." व्हीएफओ म्हणजे डायल फिरवून फ्रिक्वेन्सी ठरवणारा सेटचा भाग. साडेसहा हजार, त्यातले निम्मे आधी. ते धूड मांडीवर घेऊन मी एसटीनं गेलो, ठेवून आलो.

निदानात तसं खोटं काही नव्हतं, म्हणून तर फसलो. या सेटचा व्हीएफओ ८.७ ते ९.२ मेगाहर्ट्झवर चालतो. आतली कॉइल तापली की किंचित फुगते, कपॅसिटरची किंमत बदलते, आणि डायलला हात न लावता तुम्ही सरकता. एनपीओ जातीचा कपॅसिटर तापमानानं जवळजवळ हलत नाही. साधी सिरॅमिक चकती मात्र भलतीच हलते. दिसायला दोन्ही सारख्याच. जुन्या एनपीओ चकत्यांच्या डोक्यावर काळा ठिपका असतो, त्यावरून ओळखायचं.

तीन आठवड्यांनी आणायला गेलो. सेट टेबलावर चालूच होता, काउंटर (फ्रिक्वेन्सी आकड्यात दाखवणारं यंत्र) जोडलेला. "बघा काका, वीस मिनिटं बसा. शेवटचा आकडा हलला तर पैसे देऊ नका." बसलो. चहा आला. आकडा ढिम्म. उरलेले पैसे मोजले आणि वर शंभराची नोट त्याच्या पोऱ्याच्या हातावर ठेवली. उचलताना सेट चांगलाच गरम लागला. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. गरम झाल्यावर अर्ध्या तासात १०० हर्ट्झच्या आत राहणं हे तर कंपनीच्या पुस्तकातच लिहिलंय. त्यानं सेट सकाळपासून तापवून ठेवला होता, आणि मी नेमका तापलेल्या सेटची परीक्षा घेत बसलो. जुने कपॅसिटर मागितले, तर म्हणाला, "कचऱ्यात गेले हो काका."

दुसऱ्या दिवशी थंड सेट लावला. कॅलिब्रेटर (सेटमधलाच अचूक खुणेचा सिग्नल) चालू करून ७.१०० मेगाहर्ट्झला झिरो बीट केलं, म्हणजे डायल त्याच्याशी तंतोतंत जुळवला, आणि दर पाच मिनिटांनी डायल बघत राहिलो. तासाभरात चार किलोहर्ट्झ! आधी एक होता.

व्हीएफओच्या डब्याचे स्क्रू काढले. आत दोन नव्या तपकिरी चकत्या, डोक्यावर काळा ठिपका. म्हटलं, माल तर बरोबर आहे. पण एक ठिपका जरा तिरका, कडेवरून ओघळलेला. कापसाला स्पिरिट लावून पुसलं. कापूस काळा, चकती कोरी. दुसरीचंही तेच. मार्कर पेन!

फोन केला. "काका, जुना सेट आहे, गॅरंटी कशी देणार?" त्यानंतर त्यानं फोन उचललाच नाही. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण कंपनीनं मोजूनमापून बसवलेले मूळ कपॅसिटर त्यानं फेकले, त्याचा जास्त राग येतो. कॉइलच्या उलट दिशेनं सरकणारे कपॅसिटर मुद्दाम निवडून घातलेले असतात, ती जोडी पुन्हा जुळवायची म्हणजे घाम निघतो.

शेवटी कोल्हापूरचे एक जुने हॅम रविवारी घरी आले. त्यांनी आधी व्हेरिएबल कपॅसिटरच्या दांड्याला टेकणारी पितळी पट्टी साफ केली. वाळून घट्ट झालेलं ग्रीस काडीनं खरवडून काढलं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. मग खरे एनपीओ घातले, एकाला जोडून एन७५० (तापला की किंमत कमी होणारा कपॅसिटर) चा छोटा तुकडा, आणि रात्रभर सेट बंद ठेवायला लावला. "सकाळी थंडगार असताना मोजा, मला आत्ता काही विचारू नका," म्हणाले. सकाळी पहिल्या तासात तीनशे हर्ट्झ. पैसे घेतले नाहीत, जेवून गेले.

साताऱ्याच्या ओएमना मी परवा नेटवर ऐकलं त्याच दिवशी फोन केला. सेट अजून त्यांच्या घरीच आहे.