डिझेल गाडीसाठी ओबीडी स्कॅनर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

डिझेल गाडीचे ॲव्हरेज वाढावे एवढ्याच हेतूने मी चौदा महिन्यांपूर्वी ब्लूटूथवर चालणारा एक छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीची अंतर्गत माहिती वाचणारे उपकरण, घेतला. काड्यापेटीहून जरासे मोठे असलेले हे उपकरण स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसते, इंजिनाच्या ईसीयूकडून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडून, आकडे घेते आणि मोबाईलमधील ॲपवर दाखवते. खोक्यावर सर्वांत ठळक छापलेले वैशिष्ट्य होते ‘क्षणोक्षणीचे ॲव्हरेज’, आणि माझ्या गाडीपुरते तेच साफ चुकीचे निघाले. मुदत असूनही मी ते परत मात्र केले नाही, कारण ज्या आकड्यांकडे बघायचे माझ्या मनातही नव्हते त्यांनी गाडीतला एक जुना दोष आणि माझ्या चालवण्यातली एक वाईट खोड उघडी पाडली.

कंपनीचे नाव देण्यात फारसा अर्थ नाही, कारण एकाच साच्यातली ही उपकरणे निरनिराळ्या नावांनी विकली जातात. स्वस्तातल्या बहुतेकांच्या पोटात ईएलएम ३२७ या चिपची नक्कल असते. खोक्यावर ‘आवृत्ती १.५’ असे छापलेले असेल तर ती नक्कल आहे हे उघडच समजावे, कारण मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नाही. नक्कल चालत नाही असे नव्हे. माझीही नक्कलच आहे. पण एकाच वेळी सात-आठ आकडे मागितले की ती अडखळते, आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा प्रत्यक्ष इंजिनापेक्षा सेकंदभर मागे पडतो. चार आकड्यांवर समाधान मानले तर तक्रारीला जागा नाही.

गाडी दीड लिटरची, कॉमन रेल, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारे पाते), हाताने गिअर बदलण्याची आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली आहे. स्कॅनर घेतला तेव्हा ती नव्वद हजार किलोमीटर चाललेली होती.

आता त्या ॲव्हरेजच्या आकड्याकडे वळतो, कारण हे उपकरण घेणारा प्रत्येक डिझेलवाला आधी तोच उघडून बघणार. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, गाडी जागेवर उभी, अशा स्थितीत ॲपने ताशी जवळजवळ तीन लिटर डिझेल जळत असल्याचे दाखवले. या आकाराचे डिझेल इंजिन आयडलिंगला ताशी साधारण अर्धा ते पाऊण लिटर पिते. एवढा फरक कशामुळे पडतो हे शोधताना लक्षात आले की माझ्या गाडीचा ईसीयू इंधनाचा आकडा देतच नाही; तो इंजिनात शिरणाऱ्या हवेचे वजन देतो आणि ॲप त्यावरून इंधनाचा हिशेब मांडते. हवा सेकंदाला दहा ग्रॅम दिसत होती. तिला १४.५ या प्रमाणाने भागले की ०.६९ ग्रॅम डिझेल येते, त्याचे तासाला सुमारे २४८० ग्रॅम होतात, आणि लिटरला ८३५ ग्रॅम धरले तर उत्तर २.९७ लिटर. गणितात चूक नाही, चूक गृहीतकात आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हवा अडवतो आणि हवा-इंधनाचे प्रमाण जवळपास कायम राहते, म्हणून तिथे हा हिशेब जमतो. डिझेल इंजिन मात्र हवा बहुतांशी मोकळी घेते आणि ताकद फक्त इंधन कमी-जास्त करून बदलते; पूर्ण जोर लावतानाही एका ग्रॅम डिझेलमागे अठरा ग्रॅमच्या आसपास हवा असते, आणि हलक्या ओझ्याला हेच प्रमाण पन्नासच्याही वर जाते.

त्यातली गंमत अशी की उभ्या गाडीत ईजीआर झडप उघडली, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात वळवला गेला, की ताज्या हवेचा आकडा निम्म्यावर येतो आणि ॲपच्या मते डिझेलही निम्मेच जळू लागते. प्रत्यक्षात इंजिन जेवढे पीत होते तेवढेच पीत असते. ॲपमध्ये सुधारणेसाठी एक गुणक टाकण्याची सोय आहे. मी तो दोन आठवडे वर-खाली करून पाहिला. पण चूक प्रत्येक ओझ्याला वेगळी असल्यामुळे एका गुणकाने ती भरून निघणे शक्यच नाही. काही गाड्यांचे ईसीयू इंधनाचा दर थेट देतात, त्यांच्या मालकांना ही अडचण येऊ नये. इतरांनी टाकी फुल्ल करून किलोमीटर मोजण्याची जुनी पद्धतच धरावी, आणि तीही एका टाकीवर विसंबून नव्हे. चाळीस लिटरमध्ये अर्धा लिटर कमी-अधिक भरला गेला तरी सव्वा टक्क्याचा फरक पडतो. मी दहा-दहा टाक्यांची सरासरी काढतो.

उपकरणाने आपली किंमत वसूल केली ती कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानात. डॅशबोर्डवरचा काटा नेहमी मधोमध असायचा, त्यामुळे तिकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. स्कॅनरवर मात्र वेगळेच चित्र होते: गर्दीत हळूहळू जाताना ८४-८५ अंश, आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० चा वेग धरला की तापमान चढण्याऐवजी उतरून ७१-७२ वर स्थिरावायचे. पुष्कळ गाड्यांमध्ये डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम असा बांधलेला असतो की मधल्या मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. त्या सोयीमुळे हा दोष कदाचित वर्षभर तरी लपून राहिला असावा. मेकॅनिकला सांगितले तेव्हा त्यानेही आधी काट्याकडेच बोट दाखवले. मोबाईल हातात देऊन त्याला एक चक्कर मारायला लावली, तेव्हा परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, “थर्मोस्टॅट काढून बघू.” थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. काढलेली झडप थंडगार असताना त्याने उजेडापुढे धरली, तर कडेने नखाएवढ्या फटीतून स्वच्छ उजेड येत होता. तिच्यावर ८८ हा आकडा कोरलेला होता. म्हणजे ८८ अंशांपर्यंत जी मिटलेली असायला हवी होती, ती कायमच थोडी उघडी राहत होती आणि वाऱ्याचा झोत रेडिएटरवर बसला की इंजिन निवत होते. नवी झडप बसल्यापासून मोकळ्या रस्त्यावर आकडा ८८ ते ९० च्या बाहेर जात नाही.

डिझेल इंजिन मुळात उष्णता कमी वाया घालवते, त्यामुळे ते गरम व्हायलाही वेळ लावते. त्यात थर्मोस्टॅट असा निकामी असेल तर ऑईल दाट राहते, ईसीयू गार इंजिनाला देतात तसे जादा इंधन देत राहतो आणि काही गाड्यांत डीपीएफची सफाईही लांबणीवर पडते. बिघाड दिसला की ईसीयू त्याचा ठरलेला कोड नोंदवतो; या दोषासाठी पी ०१२८ हा कोड ठरलेला आहे, पण माझ्या गाडीत तो कधीच उमटला नाही. आकडा बहुधा कोडच्या मर्यादेच्या जरासा वरच राहत होता. कोड नाही म्हणजे गाडी ठणठणीत, या समजुतीवर मी तेव्हापासून विसंबत नाही.

दुसरा धडा गिअरचा. आरपीएम जितके कमी तितके ॲव्हरेज चांगले, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो आणि १२०० वर पाचवा गिअर टाकून मोकळा होत होतो. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या, दाबाचा आकडा समोर ठेवून एका साध्या चढावर जाऊन पाहिले. पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमला पाय जवळजवळ तळाला टेकलेला, इंजिनावरील ओझे नव्वद टक्क्यांच्या वर आणि दाब मात्र कसाबसा ११५ किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा थोडाच जास्त. टर्बोचे पाते फिरवण्याएवढा धूरच तिथे निघत नव्हता. तोच चढ चौथ्या गिअरमध्ये १६५० आरपीएमला घेतला तर दाब १५० वर गेला आणि ओझे पासष्ट टक्क्यांवर उतरले. हवा अपुरी असताना डिझेल ओतत राहणे म्हणजे काजळी तयार करणे. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमने जाण्यात काहीच वावगे नाही, किंबहुना तसेच जावे. पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना इंजिन घुरघुरू लागले की गिअर उतरवण्यात कंजूषी करू नये. क्लच आणि फ्लायव्हील यांनाही त्या थरथरीचा मार बसतो.

काजळीचा विषय निघालाच आहे तर डीपीएफबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शहरात डिझेल गाडी वापरणाऱ्याला सर्वांत महागात पडणारा भाग हाच. हा फिल्टर धुरातली काजळी अडवतो आणि ठरावीक साठा झाला की ईसीयू जादा डिझेल उशिरा सोडून धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो व ती काजळी जाळतो. ही सफाई साधारण दहा ते वीस मिनिटे चालते. मध्येच इंजिन बंद केले तर काम अर्धवट राहते, पुढच्या वेळी पुन्हा सुरुवात होते, आणि उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये उतरते. माझ्या डिपस्टिकवर (ऑईलची पातळी मोजण्याच्या पट्टीवर) ऑईल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या पुढे गेलेले होते आणि बोटावर घेतल्यावर डिझेलचा वास येत होता. हे का होते याचा उलगडा स्कॅनरमुळे झाला. काजळीचा आकडा प्रत्येक कंपनी वेगळ्या पद्धतीने ठेवते, त्यामुळे ॲपच्या नेहमीच्या यादीत तो सापडत नाही. आपल्या मॉडेलची वाढीव यादी वेगळी जोडावी लागते, आणि या कामात उपकरणासोबत आलेल्या माहितीपत्रकाचा काडीचाही उपयोग झाला नाही. यादी जोडल्यावर दिसले की सफाई बहुतेक वेळा घरापासून दोन-तीन किलोमीटरवर असतानाच सुरू होत होती आणि मी पोहोचताच किल्ली फिरवून ती मोडत होतो.

आता धुराचे तापमान साध्या वेगात ५५० च्या वर दिसले की मी घराकडे न वळता मोकळ्या रस्त्याने पंधरा मिनिटांची फेरी मारतो. त्या फेरीत डिझेल जळतेच, परंतु एकदा पूर्ण झालेली सफाई तीनदा मोडलेल्या सफाईपेक्षा स्वस्त पडते. आधी अडीचशे किलोमीटरच्या आसपास होणारी सफाई आता साडेचारशेच्या पुढे जाते. यात गिअरच्या सवयीचा वाटा किती आणि थर्मोस्टॅटचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. स्कॅनर नसलेल्यांसाठीही खुणा आहेत: आयडलिंग नेहमीपेक्षा चढलेले असते, रेडिएटरचा पंखा कारण नसताना जोरात फिरतो, गाडीभोवती तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर इंजिन बंद करू नये.

दहा टाक्यांची जुनी सरासरी लिटरला १७.६ किलोमीटर होती, नंतरच्या दहा टाक्यांची १९.१ आली. प्रामाणिकपणे सांगायचे तर याच काळात मी दर पंधरा दिवसांनी टायरमधली हवा थंड टायरवर तपासू लागलो आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० ऐवजी ८० ने जाऊ लागलो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० ला तो ८० च्या दीडपटीहून अधिक असतो. त्यामुळे सगळे श्रेय या डबीला देणे अन्यायाचे होईल. उतारावर न्यूट्रल करण्याची सवय मात्र तिच्यामुळेच सुटली. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ओझ्याचा आकडा शून्यावर येतो आणि इंजेक्टर डिझेल सोडणे थांबवतात. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन आयडलिंगचे डिझेल पीत राहते, शिवाय इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

तक्रारीही आहेत. सॉकेट बरोबर गुडघ्यापाशी असल्याने उतरताना उपकरणाला दोनदा धक्का बसला आणि एकदा ते निसटून पेडलजवळ पडले. ब्रेकखाली गेले असते तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. आता छोटी एक्स्टेन्शन वायर लावून ते पॅनेलच्या आत बांधले आहे. गाडी बंद असतानाही ते थोडी वीज ओढत राहते. एकदा तीन आठवडे गाडी उभी होती आणि परतल्यावर स्टार्टरने नुसती टकटक केली. बॅटरी जुनी होती हे खरे, तरी लांब जाताना उपकरण काढून ठेवणेच बरे. ब्लूटूथचा पिन १२३४ असून तो बदलता येत नाही, तेव्हा गर्दीच्या पार्किंगमध्ये ते तसेच लावून न सोडण्याचे हेही एक कारण आहे.

चेक इंजिनचा दिवा पुसण्याची सोय ॲपमध्ये एका बटणावर आहे, आणि तिचा मोह मला एकदा महागात पडला. पी ०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा, असा कोड आला होता आणि मी तो उत्साहाने पुसून टाकला. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. कोडसोबत त्या क्षणाची इंजिनाची स्थिती ईसीयूने जपून ठेवलेली असते. तीही पुसली गेल्याने झडप अडकली, नळी तुंबली की सेन्सर बिघडला, हे शोधण्यात मेकॅनिकची अर्धी सकाळ गेली. निघाली शेवटी काजळीने भरलेली नळीच. ती आतून दाखवताना पाच रुपयांच्या नाण्याएवढे भोक पेन्सिल जेमतेम जाईल इतके उरलेले होते.

नवीन घेणाऱ्याने परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात. गरम इंजिनावर, एसी बंद ठेवून आयडलिंगचा इंधनाचा आकडा बघावा. लहान डिझेल इंजिनाला तो ताशी दोन लिटरच्या वर दिसला तर ॲव्हरेजचे पान कायमचे बंद करून टाकावे. आणि आपल्या मॉडेलची काजळीची यादी त्या ॲपमध्ये जोडता येते का हे तपासावे. ती जुळत नसेल आणि गाडीला डीपीएफ असेल, तर हे उपकरण परत करून दुसरे बघितलेले बरे.