तापट शिंगरासाठी घरी येणारा घोडेप्रशिक्षक: सेवेचा अनुभव

नाशिकजवळच्या आमच्या मळ्यावर आणलेले मारवाडी जातीचे नर शिंगरू जवळ जाताच कान मागे पाडी, चावायला धावी आणि पाठ फिरवून दुगाण्या झाडी. जन्मल्यावर लगेच आई गेल्याने ते बाटलीच्या दुधावर, माणसांतच आणि एकटे वाढलेले होते. अशा शिंगरासाठी घरी येऊन वळण लावणाऱ्या एका प्रशिक्षकाची सेवा आम्ही घेतली. तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते, कारण आपल्याकडे ‘घोडा फोडणारे’, म्हणजे जोरजबरदस्तीने त्याला वठणीवर आणणारे, पुष्कळ भेटतात, परंतु अजून खोगीर न चढलेल्या पिल्लाकडे शांतपणे पाहणारे फार थोडे.

पहिल्या भेटीत त्यांनी शिंगराला हातही लावला नाही. आधी पशुवैद्यांकडून दात, पोट आणि खूर तपासून घ्या, जंतांचे औषध वेळेवर दिले आहे का ते पाहा, असे त्यांनी सांगितले. दुखणाऱ्या जनावराला शिस्त लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे, ही त्यांची भूमिका मला अत्यंत योग्य वाटली. तपासणीत काही निघाले नाही, तेव्हा त्यांनी पुढचा सल्ला दिला तो सोबतीचा. शेजारच्या मळ्यातील एक वयस्कर, शांत घोडी आधी कुंपणापलीकडे आणि मग त्यांच्या देखरेखीखाली त्याच आवारात ठेवण्यात आली. शिंगरू अंगावर गेले की घोडी कान पाडून मान पुढे काढी, त्यानेही न भागल्यास दात दाखवी, आणि शिंगरू मान खाली घालून तोंडाची उघडझाप करत मागे सरे. पिल्ले मोठ्या घोड्यांपुढे नमते घेतात ती याच खुणेने. आईविना वाढलेल्या शिंगराला ही भाषा शिकवणारे आजवर कोणी भेटलेच नव्हते, आणि माणसाच्या हाती छडी असली तरी तो ती तितक्या नेमकेपणाने शिकवू शकत नाही.

माणसांच्या बाजूचे काम त्यांनी अगदी थोड्या थोड्या वेळाचे ठेवले. घोड्याला थेट नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून नेहमी खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जायचे. शिंगरू स्थिर उभे राहिले की आपणच दोन पावले मागे यायचे. मान जिथे पाठीला मिळते तिथे खाजवायचे, कारण घोडे एकमेकांना नेमके तिथेच खाजवतात. हातावरून गूळ किंवा गाजर द्यायचे नाही, खाणे फक्त घमेल्यातून. चावायला आले तर मारायचे नाही आणि दचकून पळायचेही नाही, कोपर मध्ये धरून त्याला स्वतःहून मागे हटायला लावायचे. मोरखी, म्हणजे तोंडाभोवतीची दोरी, चढवल्यावर शिंगराला पुढून ओढण्यास त्यांनी सक्त मनाई केली. कोवळ्या मानेला झटका बसून इजा होऊ शकते, म्हणून मागच्या मांड्यांभोवती मऊ दोर घेऊन त्याला पुढे चालवले, आणि पाऊल उचलताच दोर सैल सोडला. ताण नेमका कधी सोडायचा, यावरच त्यांचे सारे कसब उभे आहे.

आता शिंगरू खरारा करू देते, चारही पाय उचलून देते, त्यामुळे नालबंदाला खूर तासताना दोघांनी धरून ठेवावे लागत नाही. अनोळखी माणसाकडे ते अजूनही संशयाने पाहते. तो स्वभाव बदलेल असे आश्वासन प्रशिक्षकांनी कधी दिले नव्हते. खच्ची केल्याने सारे आपोआप सुधारेल, असा समजही त्यांनी आम्हाला करून दिला नाही.

उणिवा सांगायच्या तर दोन आहेत. रोजच्या सरावाची सूचना ते तोंडीच देतात, त्यामुळे मळ्यावरचा गडी बदलला की पद्धत बदलते आणि शिंगरू गोंधळते; एका कागदावर लिहून दिले असते तर हे टळले असते. दुसरे म्हणजे येण्याजाण्याचा खर्च शुल्कात धरलेला नसतो आणि तो आधी स्पष्ट सांगितला जात नाही, तेव्हा ठरवतानाच विचारून घ्यावे.

लवकर स्वारी करायची घाई असलेल्यांनी ही सेवा घेऊ नये. तीन वर्षांच्या आत पाठीवर बसण्यास ते साफ नकार देतात. ज्यांच्याकडे एकटे वाढलेले, चावरे शिंगरू आहे आणि सोबतीला शांत घोडी मिळण्याची सोय आहे, त्यांनी मात्र दूध तुटताच त्यांना बोलवावे, कारण वर्षभराने तेच दात आणि त्याच लाथा कितीतरी अधिक जोराच्या झालेल्या असतात.