शंटच्या ऑपरेशननंतर घरी येणाऱ्या सिस्टर, जुळे सोलापूर : आमचा अनुभव

माझ्या मुलाच्या डोक्यात पाणी साठायचं. पुण्याला शंट बसवला आणि घरी आल्यावर जुळे सोलापुरातल्या एका होम नर्सिंगकडून सिस्टर लावल्या. पाचपैकी पाच स्टार देतेय, तेही मुख्यतः त्यांनी लेकराच्या पोटाकडे लक्ष दिलं म्हणून.

शंटची नळी मेंदूतलं जादा पाणी कातडीखालून पोटाच्या पोकळीत सोडते, तिथं ते जिरतं. टाके डोक्याला, त्यामुळे घरात सगळे डोकंच बघत बसतात. सिस्टर मात्र आल्या आल्या विचारायच्या, "ताई, काल शी झाली का? घट्ट की पातळ?" मग तळहात चोळून गरम करायच्या, पोट हळूहळू चारी बाजूंनी चाचपायच्या, बेंबीवरून टेप फिरवून माप वहीत लिहायच्या. बद्धकोष्ठ झालं तर पोटात दाब वाढतो आणि कधीकधी वरचं पाणी नीट उतरत नाही, पोराला उलट्या होतात, डोकं दुखतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

एकदा पोट टम्म झालं, जेवण सुटलं. सासूबाई म्हणाल्या, गॅस असेल, ओव्याचं पाणी देऊ. सिस्टरनी माप घेतलं, ते वाढलेलं. उजवीकडे हात लावला की पोरगं पाय पोटाशी घ्यायचं. "ओवा राहू द्या आजी, आजच सोनोग्राफी करा," म्हणाल्या आणि पुण्याच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावून वहीतली मापं वाचून दाखवली. सोनोग्राफीत नळीच्या टोकाभोवती पाण्याची गाठ निघाली. शंटच्या मोजक्याच मुलांना असं होतं, आणि बऱ्याचदा त्यामागे जंतुसंसर्ग असतो. त्याच रात्री गाडी करून पुणं गाठलं, सुमारे २५० किलोमीटर. नळीचं खालचं टोक पोटातून बाहेर काढलं, अँटिबायोटिक्स चालू केली, संसर्ग गेल्यावर नळी पुन्हा बसवली. आता दूध-भाकरी मागून खातो.

याहून दुर्मिळ म्हणजे नळीनं आतड्याला भोक पडून तिचं टोक शीच्या जागेतून बाहेर येणं. तसं दिसलं तर ओढायचं नाही, कापायचं नाही, स्वच्छ कापड लावून सरळ हॉस्पिटल गाठायचं. सिस्टरनी हे मला दोनदा बजावलं आणि माझ्याकडून वदवूनही घेतलं. एवढं कोण करतं?

तक्रार त्यांच्या ऑफिसबद्दल आहे. "सकाळी येतील" म्हणतात, पण वेळ सांगत नाहीत. रात्री आठनंतर कुणी मिळत नाही. गड्ड्याच्या यात्रेत रस्ते बंद होते तेव्हा उशीर झाला, त्याचं काही नाही, पण एक फोन करायला हवा होता. भेटीचे ५०० रुपये, ड्रेसिंगचं सामान वेगळं. लावणार असाल तर शंटची मुलं सांभाळलेली सिस्टरच हवी असं फोनवर आधीच सांगा.