फोल्डिंग लाइट बॉक्स: दागिन्यांना फर्स्ट क्लास, पोह्यांना नाही

आधी मार्क देऊन टाकते, पाचपैकी अडीच. आणि त्यातला एक अख्खा मार्क बॉक्सबरोबर आलेल्या पडद्यांचा आहे, बॉक्सचा नाही.

इंदूरच्या रामबागेत घरूनच फराळ आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते मी, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग टाकते, आणि फोटो बरा असला की "पाव किलो द्या" चं "अर्धा द्या" होतं हे मी बघितलंय. अडचण अशी की दिवसभर हात कणकेत, फोटोला वेळ मिळतो तो रात्री, तेव्हा खिडकीचा उजेड गेलेला असतो आणि वर डोक्यावर ट्यूबलाइट. म्हणून वस्तू आत ठेवून फोटो काढायचा हा दिव्यांचा बॉक्स ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच मापाचे याच रंगाचे बॉक्स पन्नास नावांनी विकले जातात आणि सगळे सख्खे भाऊ दिसतात.

येतं काय तर सगळ्या बाजूंनी साधारण चाळीस सेंटीमीटरचा घडीचा डबा, आतून चंदेरी, वर एलईडीच्या दोन पट्ट्या वेल्क्रोने चिकटवलेल्या, मोबाइलच्या चार्जरला लागणारी वायर आणि त्यावरच एक डिमर, आणि वस्तूच्या मागे-खाली लावायचे पीव्हीसीचे रंगीत पडदे. जोडायला सोपा आहे, बटणं दाबली की उभा. घडी करून कपाटाच्या मागे सरकवता येतो, आपल्या घरात हे महत्त्वाचं.

आता मुद्दा. डबा आतून चंदेरी कशासाठी असतो, तर उजेड सगळीकडून परत यावा, सावली राहू नये म्हणून. अंगठी, बाटली, मोबाइलचं कव्हर, असल्या वस्तूंना ते बरोबर आहे, गिऱ्हाइकाला वस्तू स्वच्छ दिसली की झालं. पण खाण्याचं सगळं सौंदर्य सावलीत असतं हो! चकलीचे काटे दिसतात ते काट्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला बारीकशी सावली पडते म्हणून. अनारशाची खसखस, गराडूची, म्हणजे आमच्याकडच्या कंदाची, तळलेली कड, भुट्ट्याच्या किसाचा रवाळपणा, सगळं तसंच. चारी बाजूंनी उजेड मारला की चकली म्हणजे तपकिरी गोल चकती. सासूबाईंनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हे दवाखान्यातलं वाटतंय." सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकानं आणि रात्री तिथेच खाण्याची गर्दी, तसं धरलं तर हा डबा दिवसाच्या सराफ्याचा आहे, रात्रीच्या नाही.

उसळ-पोह्यांचा फोटो काढला तेव्हा तर गंमतच झाली. उसळीवर तर्री छान आली होती, लालभडक, आणि झूम करून बघते तर तर्रीत ठिपक्यांच्या दोन रांगा, एकदम सरळ, विमानतळाच्या धावपट्टीसारख्या. वरच्या पट्ट्यांचा एकेक दिवा मोजता येत होता. तेल, तूप, पाक, स्टीलचं ताट, जे जे चमकतं त्यात हे दिसणारच, कारण पट्टीवर दुधी कव्हर नाही आणि पट्टी बरोबर डोक्यावर. मी बटर पेपर चिकटवला तेव्हा ठिपके गेले. हा पाच रुपयांचा कागद कंपनीला लावता येत नव्हता का?

पांढऱ्या पडद्यावर साबुदाण्याची खिचडी काढली तर दोन्ही राखाडी. याला मात्र डबा एकटा जबाबदार नाही, कुठल्याही कॅमेऱ्याचा ऑटो मोड समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी धरतो आणि पांढरं जास्त असलं की फोटो काळवंडतो. वरणभात, दहीभात, श्रीखंड, सगळ्यांना हाच त्रास. स्क्रीनवर पदार्थावर बोट ठेवायचं आणि जे सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवायचं, संपलं.

रंगाचं मात्र डब्याच्या माथी मारते. खोक्यावर लिहिलंय ६५०० के. हे दिव्याच्या रंगाचं माप, घरचा पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दुपारचं ऊन साधारण ५५००, आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपली ट्यूबलाइट असते तसा. निळसर असणं एक वेळ चालेल, फोनमध्ये सुधारता येतं. जे सुधारत नाही ते सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, शंभरपैकी. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात, खाण्याच्या फोटोला ९५ किंवा वरचा बघावा. या खोक्यावर आकडाच नाही, आणि जिथे आकडा नाही तिथे काय ते समजून घ्यायचं. स्वस्त एलईडी सगळ्यात आधी लाल रंग खातात. गाजराचा हलवा विटकरी दिसला, पुरणपोळीवरचे खरपूस डाग मातकट, आणि तीच पोळी सकाळी खिडकीशी ठेवली तर तोंडाला पाणी. कितीही फिल्टर लावा, जो लाल उजेडातच नव्हता तो फोटोत कुठून येणार.

डिमर पण नावाला. उजेड कमी केला की फोनच्या स्क्रीनवर काळे पट्टे धावायला लागतात, कारण हे स्वस्त डिमर दिवा मंद करत नाहीत, भराभर चालू-बंद करतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेरा पकडतो. फुल ठेवला की पट्टे जातात. मग उजेड जास्त वाटला तर बटर पेपर अजून एक, डिमरला हात लावू नका.

आणि माप. नुसती वाटी, डिश ठीक, पण जेवणाचं पूर्ण ताट आत गेलं की कडा भिंतींना टेकतात आणि वाटी-तांब्या ठेवायला जागा उरत नाही. वरून फोटो काढायला भोक दिलंय, तिथून फोन इतका जवळ येतो की ताट फुगल्यासारखं दिसतं. गरम पोहे ठेवले तर आत वाफ कोंडते, चंदेरी कागदावर पाणी धरतं. आमच्या डब्याला आता कायमचा हिंगाच्या फोडणीचा वास आहे, बाकी घराला आहे तसाच.

मग मी काय केलं तर डबा उभाच करत नाही. वेल्क्रोवरून एक पट्टी काढली, ताटाच्या डाव्या बाजूला जरा मागे, घड्याळात दहा वाजतात त्या जागी उभी केली, समोर बटर पेपर, आणि उजवीकडे गणपतीच्या मखरातून उरलेला थर्माकोलचा तुकडा. उजेड डावीकडून येतो, थर्माकोलवरून थोडा परत जातो, सावली राहते पण काळीकुट्ट होत नाही. ट्यूबलाइट बंद, घरचा पिवळा बल्बही बंद, हे विसरायचं नाही, दोन रंगांचे उजेड मिसळले की अर्धं ताट निळं अर्धं पिवळं आणि मग कुठलंही अ‍ॅप काही करू शकत नाही. या एका पट्टीत चकलीचे काटे परत आले. रंग तरी कच्चेच राहतात, ते पट्टीचं दुखणं आहे.

मागून येणाऱ्या उजेडाचं आणखी एक, वाफ दिसते. मागे गडद पडदा, दिवा मागच्या बाजूला, आणि पदार्थ खरोखर गरम. इंदोरी पोहे तसेही पातेल्यातल्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, प्लेटमध्ये घेतले की लगेच काढा, सेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) सगळ्यात शेवटी, फ्रेम आणि फोकस लावून झाल्यावर, नाहीतर सेव मऊ पडते आणि फोटोत ते लगेच कळतं. पोळीवरचं तूपही तसंच, थंडीत पाच मिनिटांत थिजून पांढरं होतं, म्हणून कढवून शेवटी सोडायचं.

दिवसा वेळ मिळत असेल तर हे काहीच घेऊ नका, खिडकी पुरते. थेट ऊन येत असेल तर पडद्याऐवजी पांढरं मलमल लावा, आमच्याकडे सासऱ्यांचं जुनं धोतर आहे, त्याच्याइतका मऊ उजेड या डब्याने एकदाही दिला नाही. ताट खिडकीच्या जितकं जवळ तितका उजेड मऊ, कारण ताटाच्या मानाने खिडकी मोठी होते. हीच गोष्ट दिव्याला लागू, लांबून मोठा दिवा मारण्यापेक्षा छोटा दिवा कागदाआडून जवळ आणा.

फोनबद्दल थोडंच. लेन्स आधी पदराने पुसा, स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचं बोट असतंच आणि सगळा फोटो धुकट येतो. एक पाऊल मागे जाऊन दोन एक्स झूम लावा, वाटी वाटीसारखी दिसेल. ताट असेल तर अगदी वरून, पोह्यांची प्लेट असेल तर तिरकं, पोळ्यांची किंवा घेवरची चळत असेल तर टेबलाच्या पातळीवरून. आणि ताट वाढताना वाढायची रीत पाळा, मीठ वर, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा फोटो उलटा सेव्ह करतो आणि चटणी उजवीकडे जाते, आपल्याकडे कमेंटमध्ये पहिली तक्रार रंगाची नाही, याचीच येते.

भांडी नवीन घ्यायची असतील तर बर्तन बाजारात चकचकीत स्टीलकडे जाऊ नका, त्यात दिवा, फोन आणि तुम्ही तिघेही दिसता. जुनी पितळी परात, काशाची वाटी, दगडी पाटा, केळीचं पान यांवर उजेड छान पसरतो. वाटी काठोकाठ भरू नका, आणि कोथिंबीर मूठभर नाही, चार पानं.

कोणी घ्यावा? इमिटेशन ज्वेलरी, राख्या, मेणबत्त्या विकणाऱ्यांनी खुशाल घ्या, त्यांच्यासाठी माझे चार मार्क. लोणच्याच्या बंद बरण्या, लेबल लावलेली मसाल्याची पाकिटं यांनाही चांगला आहे, लेबल स्वच्छ वाचता येतं आणि मी आता त्यासाठीच वापरते. उघडं खाणं विकत असाल आणि रात्रीच फोटो काढावे लागत असतील तर पैसे एका छोट्या एलईडी पॅनलला घाला, सीआरआय ९५ किंवा वर लिहिलेला बघून. महाराणी रोडवर, आमच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, बघायला जाणार असाल तर त्या पॅनलच्या उजेडात फोनने लाल टोमॅटोचा फोटो काढून बघा दुकानातच, दुकानदार हसेल, हसू द्या.

पडद्यांचं राहिलं. राखाडी आणि काळा उत्तम, पुसून घेतले की साफ. पांढऱ्यावर हळद सांडली तर साबणाने घासत बसू नका, गच्चीवर उन्हात टाका, पिवळा डाग उन्हाने फिकट होतो. निळा आणि हिरवा अजून प्लास्टिकमध्येच आहेत, त्यावर काय वाढायचं असतं ते कंपनीलाच माहीत.