अँटीव्हायरस घ्यायचा की नेटवर्क वेगळं करायचं?

महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या पंधरा-वीस कॉम्प्युटरच्या युनिटमध्ये पैसे एकाच गोष्टीला मंजूर होणार असतील, तर माझा कौल नेटवर्कच्या बाजूने. विंडोजचे अपडेट फुकट असतात, ते दोन्हीकडे धरलेलेच आहेत.

व्हायरसला बहुधा कुणीतरी फाइल उघडावी लागते. वर्मला माणूस लागतच नाही. तो नेटवर्कवरची कच्ची मशिनं स्वतः हुडकतो, तिथे आपली प्रत चढवतो आणि ती प्रत पुढच्या शोधाला लागते. जानेवारी 2003 मधला स्लॅमर हा वर्म जेमतेम 376 बाइटचा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होता. तो फक्त मेमरीत राहायचा, डिस्कवर काही लिहायचाच नाही, मग फाइली तपासणाऱ्या अँटीव्हायरसला सापडणार काय?

मे 2017 मध्ये फाइली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा वर्म आला, तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे विंडोजमधली फट बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच निघाला होता. ज्यांनी तो टाकला ते वाचले. पण पुढच्याच महिन्यातल्या नॉटपेट्याला तेवढ्याने रोखता आलं नाही. तो एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने पॅच टाकलेल्या मशिनांतही शिरायचा. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला हा वर्म मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला आणि इथे न्हावाशेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं.

आता आपल्याकडचा स्विच, म्हणजे सगळ्या पीसींच्या वायरी जिथे येतात तो डबा, बघा. सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनला) जोडलेला विंडोज 7 चा जुना पीसी, ज्याला हात लावू नका असं मशीनवाल्याने बजावलेलं असतं, त्याची वायर टॅलीच्या पीसीशेजारीच खोचलेली दिसेल. त्याला अपडेट मिळत नाहीत, नवे अँटीव्हायरस त्याला झेपत नाहीत. मॅनेज्ड स्विच (ज्यात सेटिंग करता येतं असा) घेऊन त्याचं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळं करा, मधला 445 पोर्ट (विंडोजची फाइल शेअर करण्याची वाट) बंद ठेवा आणि प्रत्येक पीसीचा ॲडमिन पासवर्ड निराळा ठेवा.

अँटीव्हायरसची बाजू एका ठिकाणी खरोखर भक्कम आहे, ती म्हणजे पेनड्राइव्ह. कॉन्फिकर हा वर्म त्यातूनही पसरायचा, आणि तिथे व्हीलॅन काही करू शकत नाही. डिझाइनच्या फाइली रोज पेनड्राइव्हवर येत असतील तर अँटीव्हायरसचं लायसन्सही घ्याच.

नौपाड्यातल्या पाच लॅपटॉपच्या सीए ऑफिसला मात्र यातलं काहीच विकत घ्यायची गरज नाही. विंडोज 11, सोबत येणारा डिफेंडर आणि बॅकअपची हार्डडिस्क. कॉपी झाली की ती लगेच काढून ठेवायची, कारण जोडलेली राहिली तर वॉनाक्रायसारख्या हल्ल्यात तीही लॉक होते.